बदली बॅटरीला वाली कोण?

प्रति,
मा. मंत्री, रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या बदली लिथियम बॅटरीची निवड आणि तिचे नियमन.



विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा असतो, आणि गाडीचे सर्वांत आधी थकणारे मोठे अंगही तेच असते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या फेम-२ योजनेत अनुदान घेणाऱ्या उत्पादकाने बॅटरीसह किमान तीन वर्षांची वॉरंटी द्यावी, अशी अट होती. ती योजना ३१ मार्च २०२४ रोजी संपली आणि तिच्या सुरुवातीच्या वर्षांत रस्त्यावर आलेल्या गाड्यांची तीन वर्षे केव्हाच भरली आहेत. सांगाडा धड, मोटर धड, ब्रेक नि टायर नुकतेच बदललेले, पण पूर्वी एका चार्जिंगमध्ये साठ किलोमीटर जाणारी गाडी आता पंचवीस-तीस किलोमीटरवर मान टाकते, अशा अवस्थेत मालकापुढे बदली बॅटरीचा प्रश्न उभा राहतो. पहिल्या बॅटरीसाठी अनुदान होते, मानक होते, चाचणी होती आणि करात सवलतही होती. दुसरी बॅटरी मात्र त्याने दुकानाच्या काउंटरवर उभे राहून विक्रेत्याच्या शब्दावर भिस्त ठेवून निवडायची असते. ही निवड किती अवघड आहे आणि तिच्यातला कोणता भार ग्राहकाच्या डोक्यावरून उतरवून नियमाकडे सोपवता येईल, एवढाच या पत्राचा विषय आहे.

बाजारात बॅटरी ‘४८ व्होल्ट’ किंवा ‘६० व्होल्ट’ या नावाने मागितली जाते, आणि घोळाची सुरुवात तिथेच होते. लिथियम बॅटरीचा पॅक म्हणजे लहान लहान सेलची जुळणी असते. सेल एकामागे एक, म्हणजे मालिकेत, जोडले की व्होल्टेज वाढते आणि शेजारी शेजारी, म्हणजे समांतर, जोडले की साठवण वाढते. निकेल, मँगेनीज आणि कोबाल्ट यांच्या ऑक्साइडवर आधारलेला सेल, ज्याला बाजारात एनएमसी म्हणतात, ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. लिथियम लोह फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपीचा, सेल ३.६५ व्होल्टला भरतो. त्यामुळे ४८ व्होल्ट या एकाच नावाखाली तेरा एनएमसी सेलच्या मालिकेचा, ५४.६ व्होल्टला भरणारा पॅकही विकला जातो आणि सोळा एलएफपी सेलच्या मालिकेचा, ५८.४ व्होल्टला भरणारा पॅकही विकला जातो. दोन्हींची खोकी सारखी दिसतात, प्लगही पुष्कळदा एकच बसतो, पण एकाचा चार्जर दुसऱ्याला चालत नाही.

हा फरक जुन्या, कमी वेगाच्या स्कूटरच्या बाबतीत सर्वांत महाग पडतो. तालुक्याच्या गावी आणि शहरांच्या उपनगरांत धावणाऱ्या अशा अनेक गाड्यांत मुळात बारा व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या. चारही बॅटऱ्यांचे वजन मिळून पंचवीस-तीस किलो, आणि दीड-दोन वर्षांत त्या बसायच्या. मालक वैतागून लिथियमकडे वळतो तेव्हा ‘चार्जर घरी आहेच’ या विचाराने नव्या चार्जरचे पैसे वाचवू पाहतो. लेड-ॲसिडचा हा ४८ व्होल्टचा चार्जर साधारण ५८ ते ५९ व्होल्टपर्यंत चढतो. तो तेरा सेलच्या एनएमसी पॅकला लावला, तर प्रत्येक सेलच्या वाट्याला साडेचार व्होल्ट येऊ पाहतात. म्हणजे पॅक आणि आग यांच्यामध्ये फक्त आतल्या एका छोट्या सर्किट बोर्डाचा पहारा उरतो आणि तो बोर्ड निकामी झाला की काहीच उरत नाही. बदली पॅक त्याच्या स्वतःच्या चार्जरशिवाय विकूच नये, हा नियम करायला समितीची गरज नाही.

रसायनाच्या निवडीत, म्हणजे एनएमसी की एलएफपी या प्रश्नात, भारतातल्या रोजच्या वापराच्या दुचाकीपुरते उत्तर पुरेसे स्पष्ट आहे असे म्हणता येते. एनएमसीचा सेल तेवढ्याच वजनात बरीच जास्त ऊर्जा साठवतो, म्हणून पॅक हलका व आटोपशीर होतो आणि वेगवान, लांब पल्ल्याच्या गाड्यांना तोच सोयीचा पडतो. एलएफपीचा पॅक जड व बोजड असतो, पण त्याची चार्ज-डिस्चार्जची आवर्तने सामान्यतः दोन हजारांच्या घरात किंवा त्याही पुढे जातात, तर एनएमसीची पाचशे ते हजार धरली जातात; शिवाय बेसुमार तापून सेल स्वतःच स्वतःला पेटवत जाण्याची जी अवस्था असते, तिची सुरुवात एलएफपीत बऱ्याच जास्त तापमानाला होते. (या पदार्थाचा बॅटरीतला उपयोग टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या चमूने १९९७ मध्ये जगापुढे मांडला आणि त्या शोधनिबंधावर पहिले नाव अक्षय पाढी या भारतीय वंशाच्या संशोधकाचे आहे, भारतीय ग्राहकाला ‘चायना माल’ म्हणून जे दाखवले जाते त्याच्या मुळाशी हीही गोष्ट आहे.) बहुतेक सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी ४५ अंश सेल्सिअसची कमाल मर्यादा दिलेली असते, आणि अकोला किंवा चंद्रपूर इथे मे महिन्यात सावलीतली हवाच त्या आकड्याला टेकते. तिथे वीस-तीस किलोमीटर रोज फिरणाऱ्या माणसाने दोन-चार किलो जास्त वजन सोसून एलएफपी घ्यावे, हेच शहाणपणाचे. त्याची एक खोड मात्र विक्रेत्याने सांगितली पाहिजे: एलएफपीचे व्होल्टेज चार्ज संपत येईपर्यंत जवळपास सपाट राहते, त्यामुळे व्होल्टेजवर चालणारा डॅशबोर्डवरचा जुना काटा बराच काळ ‘भरलेली’ दाखवतो आणि मग एकदम शून्यावर येतो.

फसवणुकीचे खरे कुरण म्हणजे क्षमता. क्षमता अँपिअर-तासांत छापली जाते. तिला व्होल्टेजने गुणले की वॅट-तास, म्हणजे साठवलेली ऊर्जा, मिळते. कमी वेगाची स्कूटर साधारणपणे किलोमीटरला पंचवीस ते तीस वॅट-तास खाते, तेव्हा ५१.२ व्होल्ट आणि २४ अँपिअर-तासांचा, सुमारे १,२३० वॅट-तासांचा एलएफपी पॅक तिला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर नेईल, हा हिशेब कोणालाही करता येतो. अडचण अशी, की पेटीवरचा २४ हा आकडा खरा आहे की नुसता स्टिकर, हे ग्राहकाला कळत नाही. वजनकाटा इथे काही प्रमाणात कामाला येतो. असा पॅक ३२ मिलिमीटर व्यास, ७० मिलिमीटर लांबी आणि सहा अँपिअर-तास क्षमतेच्या सेलचा असेल, तर त्यात सोळा गुणिले चार, म्हणजे चौसष्ट सेल हवेत; असा एक सेल सुमारे १४० ग्रॅमचा असतो, म्हणजे नुसत्या सेलचेच वजन नऊ किलोच्या आसपास भरते, त्यावर पेटी, तारा आणि बोर्ड वेगळे. तोच दावा करणारा पॅक सहा किलोचा भरला, तर त्यात चौसष्ट सेल नाहीत, किंवा आहेत ते सांगितलेल्या क्षमतेचे नाहीत. तसेच १८६५० या आकाराच्या, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाच्या व ६५ मिलिमीटर लांबीच्या, सेलमध्ये साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या फार पुढे आजवर कोणी जाऊ शकलेले नाही. तरी नऊ-नऊ हजारांचे आकडे छापलेले सेल राजरोस विकले जातात. वजने-मापांचा कायदा पिठाच्या पिशवीला लागतो, तो या पेटीला का लागू नये, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही.

साठवण किती, याइतकेच ती किती जोराने बाहेर येऊ शकते हेही महत्त्वाचे असते. दीड किलोवॅटची मोटर ४८ व्होल्टवर सपाट रस्त्याला तीसेक अँपिअर मागते आणि दोन माणसे घेऊन कात्रज घाटासारखा चढ चढताना त्याहून बरीच जास्त. कंट्रोलरची, म्हणजे मोटरला वीज मोजून देणाऱ्या भागाची, कमाल मागणी चाळीस अँपिअर असेल आणि बॅटरीतली व्यवस्थापन यंत्रणा तीसच अँपिअर सोडणारी असेल, तर गाडी नेमकी चढावर, मागून ट्रक येत असताना, बंद पडते. ही व्यवस्थापन यंत्रणा, जिला सगळे बीएमएस म्हणतात, म्हणजेच वर उल्लेखलेला तो सर्किट बोर्ड होय. प्रत्येक सेल-गटाचे व्होल्टेज पाहणे, जास्त भरणे किंवा जास्त रिकामे होणे थांबवणे, तापमान मोजणे आणि पुढे-मागे झालेल्या गटांना एका पातळीवर आणणे ही तिची कामे. स्वस्त पॅकमध्ये काटकसर इथेच केली जाते: तापमान मोजणारा सेन्सर एकच असतो आणि तोही सेलऐवजी बोर्डालाच चिकटवलेला असतो, त्यामुळे पॅकच्या दुसऱ्या टोकाला काय शिजते आहे ते बोर्डाला कळतच नाही.

सेल नवे की जुने, हा प्रश्न तर पेटी फोडल्याशिवाय सुटत नाही. जुन्या पॅकमधून निघालेले सेल वेगळे करून, व्होल्टेज मोजून, त्यातले ‘चांगले’ निवडून नवे आवरण चढवले की ते नव्यासारखेच दिसतात. सौरदिव्याला किंवा घरच्या छोट्या इन्व्हर्टरला असे सेल वापरणे हा वाया जाणाऱ्या वस्तूचा चांगला उपयोग आहे. चढावर प्रचंड प्रवाह मागणाऱ्या आणि रात्री घरात चार्ज होणाऱ्या वाहनाला ते वापरणे हा तसा उपयोग नव्हे. वेगवेगळ्या वयाचे सेल समांतर जोडले, की तगडा सेल जास्त भार वाहतो आणि तोही लवकर थकतो, नि पॅकचे आयुष्य सर्वांत अशक्त सेल-गटावर ठरते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांत बॅटरीचे नूतनीकरण करणाऱ्याने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी, अशी तरतूद आहे. पॅकच्या अंगावर मात्र ‘यात वापरलेले सेल आहेत’ असे लिहिलेले ग्राहकाला क्वचितच दिसते.

आता नियमांकडे. २०२२ हे वर्ष मंत्रालयाच्या स्मरणात असेलच. मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या स्कूटरने पेट घेतला, एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमध्ये भरलेल्या स्कूटर जळाल्या, आणि सप्टेंबरमध्ये वसईत घरी चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या स्फोटात भाजलेल्या एका लहान मुलाचा मृत्यू झाला. मंत्रालयाने त्या वर्षी तज्ज्ञ समिती नेमली, आणि एआयएस-१५६ या मानकातल्या कडक सुधारणा १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केल्या. एका सेलला लागलेली आग शेजारच्या सेलकडे पसरू नये यासाठी चाचणी, पाणी आत शिरू नये यासाठी चाचणी, सेलमधले अंतर, वायू बाहेर पडायला वाट, चार्जरसाठी अटी, असे बरेच काही त्यात आले. हे काम चोख झाले, हे निःसंकोच मान्य करावे लागते. परंतु हे मानक आडवे येते ते गाडीच्या प्रकार-मान्यतेच्या आणि नोंदणीच्या दारात. दुकानात सुटी विकली जाणारी बॅटरी या दोन्ही दारांतून कधी जातच नाही. मोटरची शक्ती २५० वॅटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणि बॅटरीशिवाय वजन ६० किलोंपेक्षा कमी असलेल्या गाड्या तर मोटार वाहन या व्याख्येतच बसत नाहीत, त्यांना नोंदणी नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. बाहेरचा पॅक सर्वांत सहज बसतो तो नेमका याच गाड्यांना.

गाडी आणि बॅटरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मंत्रालयानेच ऑगस्ट २०२० मध्ये बॅटरीशिवाय वाहनांची विक्री व नोंदणी करण्यास मुभा देऊन मान्य केलेले आहे. एआयएस-१५६चा दुसरा भागही वाहनाविषयी नसून बॅटरी पॅकच्या सुरक्षिततेविषयी आहे. तेव्हा सुट्या पॅकला स्वतंत्र मान्यता देण्यासाठी नवे मानक लिहावे लागणार नाही. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया किंवा मानेसरचे इंटरनॅशनल सेंटर फॉर ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी या संस्था या चाचण्या आजही करतात. उणीव आहे ती एका वाक्याची: वाहनाला ऊर्जा देण्यासाठी म्हणून विकला जाणारा कोणताही पॅक, मग तो वाहनासोबत विकला जावो वा नंतर, मान्यताप्राप्त असला पाहिजे.

नव्या, वेगवान गाड्यांच्या मालकाची अडचण उलट्या टोकाची आहे. तिथे बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यात संदेशांची देवाणघेवाण चालते आणि ओळख पटली नाही तर गाडी सुरूच होत नाही. म्हणजे निवड अशी काही उरतच नाही, कंपनी सांगेल ती किंमत मोजायची. सुरक्षिततेच्या दृष्टीने अशी ओळख-पडताळणी समर्थनीय आहे. पण कंपनीने ते मॉडेल बंद केले, किंवा गाशाच गुंडाळला, की चांगली गाडी भंगारात जाते. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमावलीत याचे उत्तर दिले आहे: १८ फेब्रुवारी २०२७ पासून हलक्या वाहनांच्या बॅटऱ्या, त्यांतले सुटे सेलसुद्धा, स्वतंत्र कारागिराला काढता व बदलता आले पाहिजेत, त्या मॉडेलची शेवटची गाडी बाजारात आल्यापासून किमान पाच वर्षे बदली बॅटरी वाजवी किमतीत मिळाली पाहिजे, आणि बदली रोखण्यासाठी सॉफ्टवेअरचा वापर करता येणार नाही. भारतातल्या उत्पादकांना हे जड जाईल असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्यांतल्या ज्यांना युरोपात माल विकायचा आहे, त्यांना हे करावेच लागणार आहे.

सरसकट बंदीचा मार्ग मात्र घेऊ नये. न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये लिथियम बॅटऱ्यांच्या आगींत अठरा माणसे दगावली. शहराने प्रमाणित नसलेल्या आणि जुन्या सेलपासून जोडलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी घातली, पण खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या कामगारांना महाग, प्रमाणित बॅटरी परवडत नव्हती, म्हणून जुनी देऊन नवी घेण्याची योजनाही शहराला आखावी लागली. पुणे, नागपूर, कोल्हापूर इथे पॅक जोडणारे छोटे कारागीर मोठ्या कंपन्यांनी हात वर केलेल्या गाड्या चालू ठेवण्याचे काम करतात आणि त्यांतले बरेच जण निकेलच्या पट्टीचे स्पॉट वेल्डिंग काळजीने करतात. प्रत्येकाने आपापल्या पॅकची पूर्ण चाचणी करून घ्यावी म्हटले, तर त्या खर्चाखाली तो मोडेल, आणि नंतर तेच काम अंधाऱ्या खोलीत, बिलाशिवाय होईल. त्याऐवजी सेल, बीएमएस, पेटी आणि चार्जर यांचा एक ठरावीक संच एकदाच तपासून मान्य करावा, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्या जोडणीचे प्रशिक्षण घेतलेल्या कोणालाही तो संच जसाच्या तसा जोडून, आपला क्रमांक टाकून विकण्याची मुभा द्यावी. चाचणीचा खर्च शेकडो जणांत वाटला जाईल आणि चूक कोणाची, हेही शोधता येईल.

कराचा मुद्दा मंत्रालयाच्या एकट्याच्या हातातला नाही, तरी वस्तू व सेवा कर परिषदेकडे शिफारस जाऊ शकते. वाहनासोबत आलेल्या बॅटरीवर वाहनाचाच पाच टक्के कर लागतो. तीच बॅटरी तीन वर्षांनी सुटी घेतली की अठरा टक्के. करापूर्वी ३०,००० रुपये किंमत असलेल्या पॅकवर हा फरक ३,९०० रुपयांचा होतो आणि बिलाशिवायचा माल स्वस्त वाटायला तेवढे पुरते. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीपुढे दाखवायला कागदही नाही. नोंदणीकृत गाडीच्या मालकाला तर मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२, म्हणजे मूळ रचनेत विनापरवानगी बदल करण्यास मनाई करणारे कलम, हेही मनात धरावे लागते. लेड-ॲसिड काढून लिथियम बसवली, किंवा एनएमसीच्या जागी एलएफपी आली, तर तो या कलमाखालचा बदल ठरतो की नुसती दुरुस्ती, हे मंत्रालयाने एका परिपत्रकाने स्पष्ट केले, तर प्रादेशिक परिवहन कार्यालयांतला आणि विमा सर्वेक्षकांपुढचा बराच वाद मिटेल.

राहिली ती पॅकवरची पट्टी. सेलचे रसायन, मालिकेतील सेलची संख्या, पूर्ण भरल्यावरचे व्होल्टेज, वॅट-तास, सलग व कमाल प्रवाह, निव्वळ वजन, सेल नवे की वापरलेले, सेलचा आणि पॅकचा निर्मिती-महिना, आणि कोणता चार्जर लावायचा, एवढे मराठीसह स्थानिक भाषेत, पुसले न जाईल अशा अक्षरांत छापायला विक्रेत्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. त्यातले वजन आणि व्होल्टेज ग्राहकाला दुकानातच, साध्या काट्यावर आणि मल्टिमीटरवर, ताडून पाहता येईल. पूर्ण मान्यतेची व्यवस्था उभी राहायला दोन वर्षे लागली तरी ही पट्टी त्याआधी, एका अधिसूचनेने, सक्तीची करता येईल. तिचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, ही विनंती.